वेतन, आनुषंगिक लाभ आणि लवचीक कार्यव्यवस्था : कर्मचाऱ्याच्या मोबदल्याचे आकलन

सारांश

नेमणूकपत्रात दर्शविलेली वार्षिक रक्कम आणि महिनाअखेर हाती येणारी रक्कम यांत मोठा फरक असतो. हा फरक म्हणजे केवळ ‘कपात’ होय, असा समज कर्मचाऱ्यांमध्ये सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात कर्मचाऱ्याचा मोबदला आजचा खर्च, अडचणीचा काळ आणि निवृत्तीनंतरचा काळ अशा तीन कालखंडांत विभागलेला असतो. ही विभागणी ‘वेतन’ या शब्दाच्या व्याख्येवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात वेतनाचे घटक, भविष्य निर्वाह निधी, उपदान, राज्य विमा व प्रसूती लाभ यांचे परस्परसंबंध उदाहरणासह स्पष्ट केले आहेत. लवचीक कार्यव्यवस्थेचाही मोबदल्याचाच एक घटक म्हणून विचार केला आहे. लवचीकता ही वेतनाच्या पायाला जोडून येते की त्या पायाऐवजी येते, यावर तिचे मूल्य ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : मूळ वेतन, भत्ते, वेतन संहिता, भविष्य निर्वाह निधी, उपदान, प्रसूती लाभ, लवचीक कार्यतास, घरून काम.

१. प्रस्तावना

श्रमाचा मोबदला हा अर्थशास्त्र, वाणिज्य, विधी आणि समाजशास्त्र या चारही विद्याशाखांच्या अभ्यासाचा विषय आहे. तथापि ज्याच्यासाठी हा विषय सर्वांत निकडीचा आहे, त्या कर्मचाऱ्याला स्वतःच्या वेतनचिठ्ठीचा अर्थ पुरेसा उलगडलेला असतोच असे नाही. पदवी घेऊन प्रथमच नोकरीस लागणारा तरुण ‘पॅकेज किती’ आणि ‘हातात किती’ हे दोनच प्रश्न विचारतो. दोन नोकऱ्यांची तुलनाही बहुधा याच दोन आकड्यांवर केली जाते. भविष्य निर्वाह निधी कशाच्या आधारे मोजला जातो, आजारपणात उत्पन्नाचे काय होईल, नोकरी सोडताना काय मिळेल, हे प्रश्न वेळ आल्यावरच सुचतात. तोपर्यंत अनेक वर्षांची सेवा झालेली असते आणि मागील काळाची भरपाई करणे अवघड असते.

भारतात या विषयाला अलीकडे नवे महत्त्व प्राप्त झाले आहे. वेतन संहिता २०१९, औद्योगिक संबंध संहिता २०२०, सामाजिक सुरक्षा संहिता २०२० आणि व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० या चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यांनी २९ जुन्या केंद्रीय कायद्यांची जागा घेतली. दुसरीकडे मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर घरून काम करण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर रुजली आणि कामाची वेळ व जागा हेही वाटाघाटीचे विषय बनले. या दोन्ही बदलांचा एकत्रित विचार करणे आवश्यक आहे.

२. लेखाची उद्दिष्टे

१) मोबदल्याच्या विविध घटकांचे स्वरूप व त्यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे.
२) ‘वेतन’ या संज्ञेच्या व्याख्येचा कर्मचाऱ्याच्या दीर्घकालीन सुरक्षिततेवर होणारा परिणाम उदाहरणाने दाखविणे.
३) लवचीक कार्यव्यवस्थेचे प्रकार व त्यांचे कर्मचाऱ्याच्या दृष्टीने मूल्य तपासणे.

३. वेतनरचनेची ऐतिहासिक जडणघडण

आजच्या वेतनचिठ्ठीत दिसणारा प्रत्येक घटक कोणत्या ना कोणत्या काळातील गरजेतून किंवा संघर्षातून निर्माण झालेला आहे. महागाई भत्ता हा त्याचा ठळक नमुना होय. पहिल्या महायुद्धाच्या काळात धान्य व कापड यांचे भाव वाढले, तेव्हा मुंबईतील गिरणी कामगारांना मूळ मजुरी न वाढविता वेगळा भत्ता देण्यात आला. भाव उतरल्यावर तो मागे घेता येईल, अशी मालकांची अपेक्षा होती. पुढे हा भत्ता राहणीमानाच्या खर्चाच्या निर्देशांकाशी जोडला गेला आणि वेतनाचा स्थायी भाग बनला.

बोनसचा इतिहासही असाच बोलका आहे. युद्धोत्तर काळात भरपूर नफा झालेल्या मुंबईच्या गिरण्यांनी काही वर्षे कामगारांना बोनस दिला. मंदी येताच तो थांबविण्यात आला आणि १९२४ च्या आरंभी मोठा संप झाला. बोनस हा मालकाच्या मर्जीचा भाग आहे, त्यावर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही, असा निर्वाळा त्या वेळी चौकशी समितीने दिला. मात्र पाव शतकानंतर, १९५० मध्ये, श्रम अपिलीय न्यायाधिकरणाने गिरणी उद्योगाच्याच वादात नफ्यातील वाट्याचे सूत्र मांडले आणि १९६५ मध्ये बोनस प्रदान अधिनियम संमत झाला. किमान ८.३३ टक्के व कमाल २० टक्के ही त्यातील मर्यादा वेतन संहितेतही कायम आहे. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाचा बारावा हिस्सा, अर्थात एका महिन्याचे वेतन होय. मात्र ही आकारणी संपूर्ण वेतनावर होतेच असे नाही, तर शासनाने ठरविलेल्या मर्यादेपर्यंत होते.

या इतिहासावरून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, जी देणी आरंभी सवलत म्हणून सुरू होतात, त्यांचे कालांतराने हक्कात रूपांतर होऊ शकते. दुसरी, मालकांचा कल नेहमीच मूळ वेतन स्थिर ठेवून वाढ ‘भत्त्या’च्या रूपाने देण्याकडे राहिलेला आहे. या दुसऱ्या बाबीचा परिणाम पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

४. मोबदल्याचे तीन कालखंड

‘सीटीसी’ या नावाने ओळखली जाणारी रक्कम म्हणजे कर्मचाऱ्यावर होणारा आस्थापनेचा एकूण खर्च. ती कर्मचाऱ्याचे उत्पन्न नव्हे. या रकमेत मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, वाहतूक भत्ता व विशेष भत्ता यांच्यासोबतच भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा, उपदानाची तरतूद, विम्याचा हप्ता आणि काही वेळा कामगिरीवर अवलंबून असलेली, म्हणजे न मिळण्याचीही शक्यता असलेली रक्कम समाविष्ट केलेली असते.

आकलनाच्या सोयीसाठी या सर्व घटकांची तीन गटांत मांडणी करता येईल. पहिला गट आजच्या खर्चाचा. यात दरमहा बँकेत जमा होणारे वेतन व भत्ते येतात. दुसरा गट अडचणीच्या काळाचा. आजारपण, अपघात, प्रसूती, रजा, अकाली मृत्यू अशा प्रसंगी मिळणारे लाभ यात येतात. तिसरा गट भविष्याचा. भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन व उपदान यांचा समावेश या गटात होतो.

तिसऱ्या गटाचे महत्त्व लोकांना कळत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर रुजू झालेल्या कर्मचाऱ्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू करण्यात आली नाही. त्याच योजनेच्या मागणीसाठी १४ मार्च २०२३ पासून राज्यातील शिक्षक व शासकीय कर्मचाऱ्यांनी संप केला. त्या संपाचा विषय चालू वेतन हा नव्हता, तर निवृत्तीनंतरचे उत्पन्न हा होता. खासगी क्षेत्रात मात्र हीच बाब वेतनरचनेच्या तपशिलात दडलेली असल्याने तिची फारशी चर्चा होत नाही.

५. वेतनाची व्याख्या : सर्व लाभांचा पाया

५.१ आकारणीची सूत्रे

भविष्य निर्वाह निधीसाठी कर्मचारी व मालक प्रत्येकी १२ टक्के रक्कम भरतात. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के रक्कम कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेकडे वळविली जाते व उर्वरित ३.६७ टक्के निधीत जमा होते. या आकारणीसाठी वेतनाची वैधानिक मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून ६,५०० रुपयांवरून १५,००० रुपये करण्यात आली. मालक व कर्मचारी यांच्या संमतीने त्याहून अधिक, म्हणजे प्रत्यक्ष वेतनावरही वर्गणी भरता येते.

उपदान म्हणजेच ग्रॅच्युइटी ही सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांच्या वेतनाइतकी असते. महिन्याचे वेतन २६ ने भागून एका दिवसाचे वेतन काढले जाते. सर्वसाधारणपणे त्यासाठी सलग पाच वर्षांच्या सेवेची अट आहे. सामाजिक सुरक्षा संहितेनुसार निश्चित मुदतीवर नेमलेल्या कर्मचाऱ्यांना ही अट लागू नाही. एका वर्षाच्या सेवेनंतर त्यांना प्रमाणशीर उपदान मिळू शकते.

या सर्व सूत्रांमध्ये टक्केवारी निश्चित आहे, परंतु ती ज्या रकमेवर लावायची, ती रक्कम वेतनरचनेनुसार बदलते. मूळ वेतन व महागाई भत्ता कमी दाखवून उरलेली रक्कम विविध भत्त्यांत विभागली, की पाया लहान होतो आणि त्यावरील प्रत्येक लाभ त्याच प्रमाणात घटतो.

५.२ उदाहरण

समजा, दोन आस्थापनांनी एकाच कामासाठी दरमहा ४०,००० रुपये, म्हणजे वार्षिक ४,८०,००० रुपये इतकाच एकूण खर्च देऊ केला आहे. रचना ‘अ’मध्ये मूळ वेतन ३० टक्के व रचना ‘ब’मध्ये ५० टक्के आहे. दोन्हींत भविष्य निर्वाह निधीची वर्गणी प्रत्यक्ष मूळ वेतनावर भरली जाते. व्यवसाय कर व प्राप्तिकर हिशेबात धरलेले नाहीत.

| घटक (दरमहा रुपये) | रचना अ | रचना ब |
|---|---|---|
| मूळ वेतन | १२,००० | २०,००० |
| सर्व भत्ते | २५,९८३ | १६,६३८ |
| मालकाची निधी वर्गणी | १,४४० | २,४०० |
| उपदानाची तरतूद | ५७७ | ९६२ |
| एकूण खर्च | ४०,००० | ४०,००० |
| कर्मचाऱ्याची निधी वर्गणी | १,४४० | २,४०० |
| प्रत्यक्ष हाती | ३६,५४३ | ३४,२३८ |

रचना ‘अ’मध्ये दरमहा २,३०५ रुपये अधिक हाती येतात, म्हणून ती आकर्षक वाटते. परंतु हे २,३०५ रुपये वाढीव उत्पन्न नाही. त्यांपैकी १,९२० रुपये भविष्य निर्वाह निधी व निवृत्तिवेतन योजना यांतून आणि ३८५ रुपये उपदानाच्या तरतुदीतून आलेले आहेत. दहा वर्षांच्या सेवेनंतर, मूळ वेतन न बदलल्यास, रचना ‘अ’मध्ये ६९,२३१ रुपये, तर रचना ‘ब’मध्ये १,१५,३८५ रुपये उपदान मिळेल. निवृत्तिवेतन योजनेत सेवेची वर्षे व निवृत्तिवेतनपात्र वेतन यांच्या गुणाकारास ७० ने भागले जाते. १५ वर्षांच्या सेवेवर १२,००० रुपये वेतनास मासिक सुमारे २,५७१ रुपये, तर १५,००० रुपयांच्या मर्यादेइतक्या वेतनास सुमारे ३,२१४ रुपये निवृत्तिवेतन येते.

अर्थात हाती येणाऱ्या अधिक रकमेची कर्मचाऱ्यास खरोखरच गरज असू शकते. घरभाडे, मुलांचे शिक्षण, कर्जाचा हप्ता यांना आजच पैसे लागतात. तथापि ही निवड कर्मचाऱ्याने समजून केलेली असावी. व्यवहारात ती आस्थापनेने आधीच केलेली असते आणि तिचा परिणाम कर्मचाऱ्यास सांगितला जात नाही.

५.३ न्यायालयीन भूमिका व वेतन संहिता

भत्त्यांच्या नावाखाली पाया लहान करण्याच्या प्रथेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ रोजी विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात महत्त्वाचा निर्णय दिला. जो भत्ता त्या वर्गातील सर्व कर्मचाऱ्यांना सरसकट व नियमितपणे दिला जातो, तो निधीच्या आकारणीसाठी मूळ वेतनाचाच भाग मानावा लागेल, असे तत्त्व त्यात पुनश्च मांडले गेले. एखादा भत्ता वगळायचा असेल, तर तो अधिक उत्पादनाशी वा विशिष्ट कामाशी जोडलेला आहे, हे मालकाने दाखविले पाहिजे.

वेतन संहितेने याच दिशेने पुढचे पाऊल टाकले. संहितेनुसार मूळ वेतन, महागाई भत्ता व राखीव भत्ता मिळून ‘वेतन’ होते. घरभाडे भत्ता, वाहतूक भत्ता, मालकाची निधी वर्गणी, अतिकालिक भत्ता इत्यादी बाबी त्यातून वगळल्या आहेत. मात्र या वगळलेल्या बाबींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास जादा रक्कम पुन्हा वेतनात धरली जाते. त्यामुळे रचना ‘अ’ कागदावर तशीच ठेवली, तरी उपदानाची आकारणी १२,००० रुपयांवर करून भागणार नाही. ती एकूण मोबदल्याच्या जवळजवळ निम्म्या रकमेवर करावी लागेल.

या तरतुदीमुळे ‘हातातील पगार कमी होईल’ अशी भीती व्यक्त झाली. निधीची वर्गणी वैधानिक मर्यादेपुरतीच भरणाऱ्या आस्थापनांत मर्यादेच्या वर मूळ वेतन गेले, तरी वर्गणी बदलत नाही. त्यामुळे तेथे ही भीती फारशी खरी नाही. जेथे ती खरी आहे, तेथेही तो तोटा नसून कालखंडांतील फेरविभागणी आहे. मात्र उपदानाचा वाढीव भार सीटीसीच्या आतच बसवला जातो की आस्थापना तो स्वतः सोसते, हा प्रश्न कर्मचाऱ्याने अवश्य विचारावा.

भत्त्यांचे करविषयक आकर्षणही आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. घरभाडे भत्त्यावरील करसवलत जुन्या करप्रणालीत मिळते. वित्तीय वर्ष २०२३-२४ पासून मूलनिर्धारित ठरलेल्या नव्या प्रणालीत ती मिळत नाही. नवी प्रणाली स्वीकारणाऱ्या कर्मचाऱ्याच्या दृष्टीने मोठा घरभाडे भत्ता असण्याचा एक जुना फायदा त्यामुळे संपुष्टात आला आहे.

६. अडचणीच्या काळातील लाभ

कर्मचारी राज्य विमा योजनेसाठी १ जुलै २०१९ पासून कर्मचाऱ्याची वर्गणी ०.७५ टक्के व मालकाची ३.२५ टक्के करण्यात आली. दरमहा १८,००० रुपये वेतन असलेल्या कामगाराच्या वेतनातून त्यानुसार १३५ रुपये कापले जातात व मालक ५८५ रुपये भरतो. या १३५ रुपयांकडे कपात म्हणून पाहिले जाते. परंतु त्या बदल्यात कामगारास व त्याच्या कुटुंबास वैद्यकीय उपचार मिळतात. शिवाय वर्गणीची अट पूर्ण असल्यास प्रमाणित आजारपणात वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रोख लाभ मिळतो. वरील कामगाराचे सरासरी दैनिक वेतन ६०० रुपये धरल्यास हा लाभ दिवसाला ४२० रुपये होतो. रोजंदारी बुडाल्यामुळे सावकाराकडे जावे लागणाऱ्या कुटुंबासाठी ही रक्कम किती मोलाची आहे, हे वेगळे सांगावयास नको.

प्रसूती लाभाची स्थिती वेगळी आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली व ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. रजा संपल्यानंतर कामाचे स्वरूप अनुकूल असल्यास परस्पर संमतीने घरून काम करण्याची तरतूदही याच दुरुस्तीने आली. पुढे या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाल्या. लाभ व लवचीकता यांची कायद्यात सांगड घालणारी ही एक महत्त्वाची तरतूद होय.

मात्र राज्य विमा योजनेबाहेरील आस्थापनांत या २६ आठवड्यांच्या वेतनाचा संपूर्ण भार एकट्या मालकावर पडतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० मधील प्रसूती संरक्षणविषयक १८३ व्या संकेताने असे लाभ सामाजिक विमा वा सार्वजनिक निधीतून देण्याचा आग्रह धरला आहे, तो याच कारणासाठी. खर्च एका मालकावर टाकला, की तरुण विवाहित स्त्रीला नोकरी देण्याबाबत हात आखडता घेतला जाण्याचा धोका असतो. लाभ कागदावर किती मोठा आहे, याइतकेच त्याचा भार कोण उचलतो, हेही महत्त्वाचे आहे.

७. लवचीक कार्यव्यवस्था : स्वरूप व मूल्य

७.१ प्रकार

लवचीक कार्यतासांची पद्धत १९६७ मध्ये पश्चिम जर्मनीतील म्युनिकजवळच्या मेसरश्मिट-बोल्को या विमाननिर्मिती कंपनीत सुरू झाली. सर्वांनी एकाच वेळी कामावर येण्यामुळे होणारी रहदारीची कोंडी व उशिरा येण्याचे प्रमाण हे तिचे निमित्त होते. दिवसातील काही तास सर्वांनी उपस्थित राहावयाचे व उर्वरित तास सोयीने पूर्ण करावयाचे, असे तिचे स्वरूप होते. याशिवाय संक्षेपित आठवडा, घरून काम, संमिश्र पद्धती, अर्धवेळ काम व मागणीनुसार काम असे प्रकार आज प्रचलित आहेत.

संक्षेपित आठवड्याचे परिचित उदाहरण महाराष्ट्र शासनाचे आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासकीय कार्यालयांस पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि कार्यालयीन वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ अशी झाली. कामाचे दिवस वर्षाला २८८ वरून २६४ झाले. मात्र रोजचे तास सव्वासातावरून आठ झाल्याने वर्षाचे एकूण तास २,०८८ वरून २,११२ झाले. म्हणजेच येथे काम कमी झाले नाही, तर किंचित वाढले. कर्मचाऱ्यास लाभ झाला तो सलग सुट्टीचा व वाचलेल्या प्रवासाचा.

७.२ वेळेचे मूल्य

लवचीकतेचे मूल्य पैशांत मोजण्याचा प्रयत्न अमेरिकी अर्थतज्ज्ञ अलेक्झांडर मास व अमांडा पॅले यांनी केला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, घरून काम करण्याच्या सोयीसाठी नोकरी शोधणारे सरासरी ८ टक्के वेतन सोडावयास तयार होते. आठवडाभर आधी कळविलेल्या, मालकाने ठरविलेल्या अनिश्चित वेळापत्रकातून सुटण्यासाठी मात्र त्यांची २० टक्के वेतन सोडण्याची तयारी होती. अनिश्चिततेपासून मिळणारे संरक्षण हे सोयीपेक्षा अधिक मोलाचे ठरते, असा याचा अर्थ आहे.

चीनमधील एका प्रवास कंपनीत २०१०-११ मध्ये झालेल्या प्रयोगात घरून काम करणाऱ्या दूरध्वनी सेवा कर्मचाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, पण कामगिरीच्या तुलनेत त्यांच्या बढतीचे प्रमाण घटले. त्याच कंपनीतील १,६१२ कर्मचाऱ्यांवरील, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणाऱ्यांत नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले व बढतीवर विपरीत परिणाम आढळला नाही. कार्यालयाशी संबंध राखणारी संमिश्र पद्धती अधिक संतुलित असल्याचे यावरून दिसते.

मुंबई महानगरात याचा हिशेब सहज मांडता येतो. कल्याण, विरार किंवा पनवेलहून येणाऱ्या एखाद्या कर्मचाऱ्याचे जाता-येता रोज तीन तास खर्ची पडत असतील, तर महिन्यात आठ दिवस घरून काम केल्यास २४ तास वाचतात. हे पूर्ण तीन कार्यदिवस झाले. वेतनचिठ्ठीत न दिसणारा हा मोबदला आहे.

तथापि घरून काम करताना वीज, इंटरनेट, मेज-खुर्ची व जागा यांचा खर्च कर्मचाऱ्याकडे सरकतो. कामाचे तास मोजले न गेल्यास दुप्पट दराने मिळावयाचा अतिकालिक भत्ताही बुडतो. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक बाब विचारात घ्यावी लागते. २०२४ च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणानुसार कुटुंबासाठीच्या विनावेतन घरकामात सहभागी स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, तर पुरुष ८८ मिनिटे खर्च करतात. घरी असणे म्हणजे मोकळे असणे, असा समज कुटुंबात असेल, तर घरून काम ही सोय न राहता दुहेरी ओझे बनते.

७.३ लवचीकता कोणाची?

लवचीकता या शब्दाला दोन बाजू आहेत. कर्मचारी आपली वेळ ठरवू शकतो, ही एक बाजू. मालक हवे तेव्हा काम देऊ वा थांबवू शकतो, ही दुसरी. मुंबईच्या गिरण्यांतील बदली कामगार हा दुसऱ्या बाजूचा जुना साक्षीदार होय. सकाळी गिरणीच्या दरवाजाशी उभे राहावयाचे, कायम कामगार गैरहजर असेल तर काम मिळावयाचे, नसेल तर परत जावयाचे, असा त्याचा क्रम असे. वेळ त्याची होती, पण निर्णय मुकादमाचा होता.

आज मोबाइलवरील ॲपद्वारे वस्तू वा प्रवासी पोहोचविणाऱ्या कामगारास ‘स्वतःच्या वेळेचा मालक’ म्हटले जाते. परंतु तो कर्मचारी मानला जात नसल्याने निधी व उपदान यांचा पायाच त्याला उपलब्ध नसतो. सामाजिक सुरक्षा संहितेने प्रथमच अशा कामगारांची दखल घेतली. संबंधित कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के, पण या कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून अधिक नाही इतकी वर्गणी द्यावी, अशी तरतूद तीत आहे. राजस्थानने २०२३ मध्ये याविषयी स्वतंत्र अधिनियम केला.

उच्च शिक्षणाचे क्षेत्रही याला अपवाद नाही. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकांना सामान्यतः प्रत्यक्ष घेतलेल्या तासांपुरतेच मानधन मिळते. तासाची तयारी, सुट्ट्या व आजारपण यांचा त्यात विचार नसतो. वेळापत्रक लवचीक दिसते, परंतु ती लवचीकता अध्यापकाच्या सोयीसाठी निर्माण झालेली नाही. पूर्णवेळ अध्यापकाइतकीच पात्रता असूनही मोबदल्याच्या तीन कालखंडांपैकी केवळ पहिलाच, तोही अंशतः, त्यांच्या वाट्याला येतो.

८. निष्कर्ष

१) मोबदल्याची तुलना हाती येणाऱ्या रकमेवर करणे अपुरे आहे. समान खर्चाच्या दोन वेतनरचनांत दीर्घकालीन लाभ भिन्न असू शकतात.
२) निधी, निवृत्तिवेतन व उपदान यांचा पाया ‘वेतना’ची व्याख्या हा आहे. २०१९ चा न्यायनिर्णय व वेतन संहितेतील निम्म्या मर्यादेची तरतूद यांमुळे हा पाया कृत्रिमरीत्या लहान करणे कठीण झाले आहे.
३) वेतनातून होणारी प्रत्येक कपात हा तोटा नसतो. राज्य विमा व निधी यांतील वर्गणी हा कर्मचाऱ्याच्याच मोबदल्याचा पुढील काळासाठी राखलेला भाग आहे.
४) सुरक्षित वेतनाला जोडून आलेली लवचीकता हा मोबदला होय. सुरक्षिततेच्या बदल्यात आलेली लवचीकता म्हणजे जोखमीचे मालकाकडून कामगाराकडे झालेले स्थलांतर होय.

९. सूचना

नोकरी स्वीकारताना उमेदवाराने एकूण खर्चातील निश्चित व अनिश्चित भाग, मूळ वेतनाचे प्रमाण, निधीची वर्गणी मर्यादेवर की प्रत्यक्ष वेतनावर, आणि घरून कामाची सोय लेखी आहे की तोंडी, हे चार मुद्दे विचारून घ्यावेत. नव्या संहितांनुसार नेमणूकपत्र देणे बंधनकारक असून नोकरी संपल्यावर देय वेतन दोन कार्यदिवसांत चुकते करावे लागते. या हक्कांची माहिती कर्मचाऱ्यांस असणे आवश्यक आहे. आस्थापनांनी वर्षातून एकदा प्रत्येक कर्मचाऱ्यास तिन्ही कालखंडांचे विवरण मराठीत द्यावे. महाविद्यालयांनी पदवीच्या अंतिम वर्षात वेतनचिठ्ठी वाचण्याचे प्रात्यक्षिक सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवल्यास, पहिल्याच नोकरीतील निर्णय अधिक जाणतेपणाने घेतले जातील.